'विविध कलाकार' म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जॅझ आणि ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताच्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या संकलनावर लेख आला होता. लेख आवडला. मराठी वर्तमानपत्रात ब्लूज गाणाऱ्या बेसी स्मिथला अर्धे पान मिळते हे पाहून बरे वाटले. पण तिच्या 'सेंट लुई ब्लूज'बद्दल लिहिताना लेखकाने मागे पियानोची मंद साथ असल्याचे म्हटले आहे. तिथे पियानो नाही हो. तिथे पेटी आहे.

मी सांगलीत गेली सत्तेचाळीस वर्षे पेट्या दुरुस्त करतो. हातपेटी, पायपेटी, ऑर्गन, जे दुकानात येईल ते. जॅझचा मी काही अभ्यासक नव्हे, आणि माझे इंग्रजी म्हणजे पार्सलवरचा पत्ता वाचण्यापुरते. पण पेटीतल्या पितळी जिभेच्या सुरातून हवा गेल्यावर येणारा आवाज आणि तारेवर हातोडी पडल्यावर येणारा आवाज यांतला फरक मला झोपेतही कळतो. म्हणून हे पत्र.

ही तबकडी माझ्यापर्यंत कशी आली ते सांगतो. १९९६च्या सुमारास मिरजेला सतार करून घ्यायला आलेला एक अमेरिकन तरुण दुकानात आला होता. जाता जाता त्याने एक जुनी हातपेटीही विकत घेतली होती आणि तिची एक पट्टी बोलत नव्हती. सुराच्या पितळी जिभेखाली कचरा अडकला होता, बाकी काही नाही. दोन मिनिटांचे काम, त्याचे काय पैसे घ्यायचे? तर त्याने पिशवीतून एक कॅसेट काढून माझ्या हातावर ठेवली. घरी स्वतः भरलेली. आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत प्रत्येक गाण्यापुढे तारीख, गाव आणि कोण काय वाजवतो ते लिहिलेले. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, तिला वाचायला बसवले. आठदहा नावे वाचून झाली आणि ती म्हणाली, "बाबा, इथे हार्मोनियम लिहिलंय."

मला वाटले, पोरीची वाचण्यात चूक झाली. म्हणून कॅसेट लावली. आधी खरखर, मग कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटच्या जातीच्या वाद्याचा, एक लांब सूर, आणि त्याच्याखाली सतरंजी अंथरावी तशी पसरलेली पेटी. त्यावर बेसीचा आवाज. घाई कशाचीच नाही. ती एक ओळ म्हणते, थांबते, आणि त्या मोकळ्या जागेत कॉर्नेट तिला उत्तर देतो. आपल्याकडे नाटकात गायकाने ओळ सोडल्यावर ऑर्गनवाला जी जागा भरतो ना, तसेच. फक्त इथे जागा भरायचे काम कॉर्नेटकडे आहे आणि पेटी आपली धरून बसलेली. सगळे मिळून तीन मिनिटे आणि वर काही सेकंद. मी ते तीनदा ऐकले आणि गिऱ्हाईक दारात उभे राहिले.

कॉर्नेट पुढे जॅझमध्ये गाजलेल्या लुई आर्मस्ट्राँगचा. तेव्हा तो चोविशीचाही नव्हता. पेटी फ्रेड लाँगशॉची. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला, १४ जानेवारी १९२५. गाणे डब्ल्यू. सी. हँडी यांचे, १९१४ साली छापलेले, म्हणजे बेसी गायली तेव्हाच ते दहा वर्षांहून जुने होते. त्या एका दिवसात या तिघांनी पाच गाणी केली. 'सेंट लुई ब्लूज' आणि 'रेकलेस ब्लूज' या दोन गाण्यांत लाँगशॉ पेटीवर आहे, बाकीच्या तिन्हींत पियानोवर. त्यामुळे आपल्या लेखकाची गल्लत कशी झाली असेल ते मी समजू शकतो. तबकड्यांच्या सूचीत नुसते नाव वाचले आणि पुढे पियानो गृहीत धरला, एवढेच.

आता धंद्यातली एक गोष्ट, लांबण लागली तर काट मारा. सूचीत 'हार्मोनियम' लिहितात, पण अमेरिकेत तेव्हा घरोघरी आणि चर्चमध्ये जे वाद्य होते ते पायाने भाता चालवायचा रीड ऑर्गन. आपली हातपेटी हवा सुरातून बाहेर ढकलते. तो ऑर्गन हवा आत ओढतो. त्यामुळे त्याचा आवाज जरा गोल आणि आतल्या आत येणारा वाटतो, त्याला धार कमी. आमच्या संगीत नाटकांच्या पिटात जे ऑर्गन असत त्यांत अमेरिकन बनावटीचेही होते. बोस्टनच्या मेसन अँड हॅमलिनचे दोन माझ्याकडे दुरुस्तीला येऊन गेले. म्हणजे बेसीच्या मागचे वाद्य आणि नाट्यपदांच्या मागचे वाद्य ही सख्खी नाहीत तरी चुलत भावंडे. माझा कान तरी तसे सांगतो. हा धागा आपल्या लेखकाला पकडता आला असता, म्हणून जास्त चुटपुट लागली.

पण माझी खरी तक्रार लेखकाबद्दल नाहीच. लेख वाचल्यावर मी नातवाला ते संकलन फोनवर काढायला सांगितले. चित्र आले, नाव आले आणि खाली मोठ्या अक्षरांत 'विविध कलाकार'. गाण्यावर बोट ठेवले तर 'बेसी स्मिथ'. बस. तारीख नाही, गाव नाही, कॉर्नेट नाही, पेटी नाही. वर्षाच्या जागी काय लिहिले असेल? २०११! बेसी वारली १९३७ साली. मोटार अपघातात. ते संकलन बाजारात आले ते वर्ष या लोकांनी गाण्याला चिकटवून टाकले. एका परदेशी पोराने हाताने भरलेल्या कॅसेटच्या कागदावर जे होते, त्यातले शंभर गाणी मावणाऱ्या या यंत्रात काही नाही.

'अल्बम' हा शब्दच मुळात वहीसारख्या पुस्तकावरून आला. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून फोटोंच्या अल्बमसारख्या बांधत असत. जुने जॅझ असे जमवून पुन्हा विकायला १९४०मध्ये कोलंबिया कंपनीत जॉर्ज अवाकियन नावाच्या तरुणाने सुरुवात केली, तेव्हा त्यासोबत कोण कोण वाजवतो याची माहितीही छापली जाई. त्याच्याही आधी, १९३६ साली, पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने जॅझच्या तबकड्यांची सूची छापली, तीत वाजवणारेच महत्त्वाचे. पुढे इंग्लंडच्या ब्रायन रस्ट यांनी हयात त्यातच घालवली. वादक जिवंत होते तोवर त्यांना गाठून विचारायचे, या तबकडीवर ट्रॉम्बोन तुझा का? तो म्हणायचा, नाही, माझा नाही. मग दुसऱ्याला विचारायचे. एवढे करून मिळवलेली नावे आता कुणी तरी बोटाने पुसून टाकली आहेत.

मुळात तेव्हाही नावे सरळ नव्हतीच. काळ्यांच्या तबकड्यांची यादी वेगळी, गोऱ्यांची वेगळी. १९२९ साली एडी लँग हा गोरा गिटारवाला लॉनी जॉन्सन या काळ्या गिटारवाल्याबरोबर वाजवायला बसला, तर तबकडीवर त्याचे नाव घातले 'ब्लाइंड विली डन'. बिचारा ना आंधळा, ना विली, ना डन. त्याच वर्षी मिसिसिपीच्या चार्ली पॅटनची एक तबकडी पॅरामाउंट कंपनीने 'मुखवटेवाला' म्हणून विकली. गायक ओळखा आणि एक तबकडी फुकट मिळवा! ही पॅरामाउंट म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. ग्रामोफोनची लाकडी खोकी करता करता, खोक्यात घालायला काहीतरी पाहिजे म्हणून ते तबकड्या काढू लागले. माल इतका हलका की खरखरीतून माणूस शोधावा लागतो. आणि आज ब्लूजचा अर्धा खजिना त्याच तबकड्यांवर आहे.

ध्वनिमुद्रणाचा प्रकारही असा की साथीदाराला मागेच जावे लागे. १९२५पूर्वी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नसे. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, सगळ्यांनी त्याच्या तोंडाशी गायचे-वाजवायचे, आणि त्या हवेच्या धक्क्याने पलीकडे मेणावर सुई हलायची. १९२३च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा जॅझ वाद्यवृंद अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीत गेला. पियानोच्या कारखान्याच्या आवारातला तो स्टुडिओ, शेजारून रेल्वेची लाइन, गाडी आली की काम बंद. ढोल वाजवला तर सुई उडायची म्हणून ढोलवाल्या बेबी डॉड्सच्या हातात लाकडी ठोकळे दिले. तरणा आर्मस्ट्राँग इतका जोरात वाजवी की त्याला इतरांपासून कितीतरी फूट लांब, मागे उभे केले. त्याला वाटले, आपण नावडते झालो. लिल हार्डिन पियानोवर होती. तिने पुढे सांगितले आहे की तो कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले.

बेसीची ती जानेवारीची तबकडीही कर्ण्यावरचीच. पुढच्या मे महिन्यात कोलंबियाने तिला पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर उभे केले, तेव्हा आवाज घुमू नये म्हणून खोलीत कापडाचा तंबू टांगला होता, आणि तो वादकांच्या अंगावर कोसळला असे सांगतात. ते असो.

आर्मस्ट्राँगला मागे उभे केल्याची गोष्ट वाचली आणि मला आमच्या धाकट्या काकांची आठवण झाली. काका ऑर्गन वाजवत. साधारण १९४९-५० साली एका गायकाबरोबर मुंबईला ध्वनिमुद्रणाला गेले. नाट्यपदाच्या दोन बाजू. मायक्रोफोन एकच, गायक त्याच्यासमोर, तबला डाव्या हाताला, आणि काकांचा ऑर्गन उचलून पार दाराशी नेऊन ठेवलेला, कारण तो तबल्याला झाकत होता. दाराशी बसून गायकाचा चेहरा दिसेना. समेवर यायचे कसे? तर त्याच्या मानेकडे बघून. काका हे रंगवून सांगायचे आणि आम्ही पोरे हसायचो. तीन मिनिटे संपत आली की लाल दिवा लागे, त्याच्या आत तिहाई संपवायची. पहिल्या वेळी दिवा लागला आणि काका दचकून पुढच्या पट्टीवर गेले, म्हणून सगळे पुन्हा.

तबकडी आली. मधल्या गोल कागदावर गायकाचे नाव, नाटकाचे नाव, राग. काकांचे नाव नाही, तबलजींचेही नाही. काका काही बोलले नाहीत, तेव्हा तशी अपेक्षाच नसे. पुढे ऐंशीच्या दशकात त्या गायकाची गाणी कॅसेटवर पुन्हा निघाली. तेव्हा काका हयात होते. मी त्या कंपनीला पत्र घातले, ऑर्गन यांचा आहे, नाव छापता येईल का? उत्तर नाही. दुसरे पत्र घातले, त्याचेही नाही. काकांच्या तेराव्यानंतर कॅसेटचा दुसरा भाग निघाला, त्यावर 'साथसंगत' असा रकाना छापलेला आणि पुढे कोरे. मला कोऱ्या रकान्याचा जास्त राग आला. रकानाच नसता तर चालले असते. काकांचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. ते यायला हवे होते त्या खोक्यावर. पुतण्याने पेपरात पत्र लिहून छापून आणावे, हे काकांनाही आवडले नसते.

आता सांगतो मला सगळ्यांत आवडलेली तबकडी. ती त्या कॅसेटवर होती आणि आपण लिहिले त्या संकलनातही आहे, पण लेखात तिचा उल्लेख नाही. 'गट बकेट ब्लूज'. शिकागो, १२ नोव्हेंबर १९२५. आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या पंचकाच्या ध्वनिमुद्रणाचा पहिलाच दिवस. गाणे चालू असताना हा गडी मध्येच बोलतो. बँजो चालला की जॉनी सेंट सिरचे नाव घेऊन त्याला चढवतो, पियानोवर लिल, मग ट्रॉम्बोनचा किड ओरी, क्लॅरिनेटचा जॉनी डॉड्स. एकेकाला हाक मारून शाबासकी. आणि त्याच्या पाळीला दुसरा माणूस त्याचे नाव घेतो. गंमत म्हणून केले असेल, नाहीतर कंपनीने सुचवले असेल. पण काय झाले बघा, पाचही नावे खोबणीतच कोरली गेली. कागद फाटू दे, फोनवाल्यांनी 'विविध कलाकार' लिहू दे, ती पुसायची सोय नाही. पुसायची तर गाणेच पुसावे लागेल.

आपल्याकडे गौहरजानने हे १९०२ सालीच केले होते. कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गसाहेबाने तिचे गाणे घेतले, तर शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगते. मेणाच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिरांना कळावे कोणाचे गाणे, म्हणून ती पद्धत. पण तीही गायिकेपुरतीच. मागच्या सारंगीवाल्याने ओरडून आपले नाव सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आणि तपशील राहिला तर काय होते? मिसिसिपी जॉन हर्ट नावाच्या शेतमजुराने १९२८ साली ओके कंपनीसाठी काही गाणी म्हटली. विकली गेली नाहीत, तो परत शेतावर गेला. १९५२ साली हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांमधून चौऱ्याऐंशी गाणी निवडून सहा एलपींचा संच काढला, त्यात हर्टची दोन होती. त्याच्याबरोबर एक टिपणवही, प्रत्येक गाण्याची तारीख-क्रमांकासह. लोकांच्या मनात हर्ट घर करून राहिला. मग त्याच्या दुसऱ्या एका तबकडीत, 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज'मध्ये, अ‍ॅव्हलॉन आपले गाव असल्याचे तो गातो हे कुणाच्या तरी ध्यानात आले. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा माणूस नकाशात गाव शोधून तिथे गेला, तर म्हातारा सापडला! पस्तीस वर्षांनी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांपुढे गायला आणि पुढे तीनच वर्षे जगला, पण ती गात काढली.

आपल्या मुंबईचाही या गोष्टीत हात आहे. १९२६मध्ये शिकागोत याच आर्मस्ट्राँगबरोबर एका तबकडीवर पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पुढे आशियात आला, मुंबईच्या ताजमध्ये काही वर्षे वाजवत होता आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. अशा लोकांच्या आजूबाजूला जे गोव्याचे वादक तयार झाले, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, तेच पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, गाण्यांत जो ट्रम्पेटचा झटका आहे त्यामागे चिक चॉकलेटसारखा माणूस आहे. पडद्यावर नाव संगीतकाराचे. सतरा व्हायोलिने वाजवणाऱ्यांची नावे कुठे शोधायची ते सांगा.

मला फार मोठे काही मागायचे नाही. संकलन काढणाऱ्यांनी तारीख, गाव आणि साथ एवढे छापावे. फोनवाल्यांनी त्यासाठी एक जागा ठेवावी आणि ती कोरी ठेवू नये. तबकडीवरची खरखर घासूनपुसून काढायला त्यांना वेळ मिळतो (आणि ती काढताना पेटीचा श्वासही जातो, पण तो वेगळा विषय), तर दोन नावे टाइप करायला मिळायला हरकत नाही. मराठी तबकड्या जमवणारी मंडळी सांगली-कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत आहेत, त्यांनी ज्या घरांतून तबकड्या येतात त्या घरांत विचारून ठेवावे. मी माझ्या दुकानात वही ठेवली आहे. ऑर्गन दुरुस्तीला आला की तो कुणाचा होता आणि त्यांनी कुणाकुणाची साथ केली, ते लिहून घेतो. आतापर्यंत तेहेतीस नावे झाली.

आणि आपल्या वर्तमानपत्राकडे एकच मागणी. पुढच्या पुरवणीत कोपऱ्यात शुद्धिपत्र छापावे. मजकूर मीच लिहून देतो, आपल्याला त्रास नको:

'सेंट लुई ब्लूज', न्यूयॉर्क, १४ जानेवारी १९२५. गायन : बेसी स्मिथ. कॉर्नेट : लुई आर्मस्ट्राँग. पेटी : फ्रेड लाँगशॉ.

आपला,
एक पेटीदुरुस्तीवाला वाचक,
गावभाग, सांगली